शिळ्याची वाटणी

पाडव्याच्या आगेमागे, घरोघरी पुरण शिजण्याच्या दिवसांत, 30 मार्चला ‘आंतरराष्ट्रीय शून्य कचरा दिन’ येतो. तुर्कस्तानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 14 डिसेंबर 2022 रोजी तसा ठराव केला आणि 2023 पासून तो पाळला जाऊ लागला. आपल्याकडे असे दिवस कसे पार पडतात हे सांगायला नको. कापडी पिशव्यांचे वाटप होते, शाळांत चित्रकला स्पर्धा होतात, मान्यवरांच्या हाती छायाचित्रापुरता झाडू येतो. दुसऱ्या दिवशी 31 मार्च, म्हणजे कार्यालयांना वर्षअखेरीच्या हिशेबाची घाई. स्वयंपाकघराच्या हिशेबाकडे मात्र कोणी फिरकत नाही. या दिवसाच्या निमित्ताने तोच मांडायला हवा, कारण कचऱ्याच्या गणितातला मोठा आकडा तिथेच दडलेला आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये अन्न-नासाडीचा निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यानुसार 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले. लग्नाच्या पंगती आणि पंचतारांकित बुफे यांच्याकडे बोट दाखवून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. पण या अहवालात हॉटेले आणि खानावळींचा वाटा 28 टक्के, दुकानांचा 12 टक्के आणि उरलेला 60 टक्के घरांचा आहे. भारतातील घरांमध्ये माणशी वर्षाला सुमारे 55 किलो अन्न वाया जाते, असा त्यातील अंदाज आहे. चौघांच्या कुटुंबात हे दिवसाला अर्ध्या किलोहून थोडे जास्त भरते. यात केळ्याची साल, अंड्याची टरफले, हाडे असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे, म्हणून सगळाच आकडा पापाच्या खात्यात टाकायचे कारण नाही. जागतिक सरासरी माणशी 79 किलो आहे, तेव्हा आपण तुलनेने बरे आहोत असेही म्हणता येईल. पण हे बरेपण कशामुळे टिकले होते आणि आता ते का सुटत चालले आहे, हे पाहण्यासारखे आहे.

त्याचे पहिले उत्तर आपल्या पाकपरंपरेत आहे, आणि ते अभिमानाने सांगावे असेच आहे. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की ती चाळणीत निथळते आणि खाली दाटसर पिवळे पाणी जमते. ते मोरीत न ओतता त्यात चमचाभर पुरण, गोडा मसाला, चिंच-गूळ आणि भाजलेले खोबरे पडले की कटाची आमटी होते. ती पोळीइतकीच मानाने पानात वाढली जाते, किंबहुना दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेली लागते. दोडक्याच्या शिरा तीळ-खोबऱ्याबरोबर खमंग परतून चटणीत जातात. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी होते, कोथिंबिरीचे देठ वाटणात जातात, कलिंगडाचा पांढरा गर किसून थालिपिठात मळला जातो. लोणी कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी साखर घालून मुलांच्या हातावर पडते. कोकणात फणसाचे गरे संपले तरी आठळ्या पावसाळ्यासाठी राखून ठेवतात आणि कोकमाच्या बियांचे तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा, भाताला फोडणी, आंबट ताकाची कढी. मसाला वाटून झाला की भांडे विसळून ते पाणीसुद्धा रश्श्यात. ‘झीरो वेस्ट’ हा शब्द कानी पडण्याच्या कितीतरी आधी ही शिस्त इथल्या ओट्यावर नांदत होती.

इथपर्यंतचे गुणगान सगळेच करतात. पुढचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कटाची आमटी सगळ्यांच्या पानात पडत होती, पण कालची भाकरी कोणाच्या पानात पडत होती? पुरुष आणि मुले आधी जेवायची, बायका मागून, आणि त्यातही घरच्या सुनेचे पान शेवटी. तळाशी उरलेली भाजी, करपलेला पापुद्रा, सकाळची गार पोळी हे सगळे ‘टाकवत नाही’ या सबबीखाली तिच्या पोटात जायचे. घरात अन्न वाया जात नव्हते याचा एक अर्थ असा, की ते वाया जाऊ नये म्हणून एक माणूस कायम राखीव ठेवलेले होते. आजही अनेक घरांत हीच रीत चालू आहे. ताज्या पोळ्या पानात वाढल्या जातात आणि वाढणारी मात्र कालच्या दोन पोळ्या निमूटपणे स्वतःच्या ताटात घेते. त्याला काटकसर म्हणतात आणि तिच्या समजूतदारपणाचे कौतुकही करतात.

घराच्या उंबऱ्याबाहेर हीच वाटणी जातीने ठरवली होती. घरोघर फिरून भाकरीचे तुकडे गोळा करण्याची येसकराची, म्हणजे गावची राखण करणाऱ्या महाराची, पाळी हा गावगाड्यातला ‘हक्क’ मानला जाई. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावरांचे मांस आणि टाकून दिलेले उष्टे-शिळे तुकडे खाणे सोडायला सांगितले, ते या पार्श्वभूमीवर. स्वाभिमानाची सुरुवात ताटापासून होते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून ‘पूर्वी कसे काहीच वाया जात नसे’ या वाक्यापाशी थोडे थबकायला हवे. त्या काटकसरीत कौशल्य होते, निसर्गाची जाण होती आणि त्याबरोबर लाचारीही होती. कौशल्य आणि जाण पुढे न्यायची आहे, लाचारी नाही. शाश्वत स्वयंपाकघराची आजची खरी अडचण इथे आहे. आजीच्या पद्धती परत आणा असे सांगताना आजीवरचे ओझेही नकळत परत आणले जाते, आणि तेही एका नोकरी करणाऱ्या बाईच्या खांद्यावर.

मधल्या काळात घर बदलले. बारा माणसांचे कुटुंब तीन-चारांवर आले, पण हाताचा अंदाज बाराचाच राहिला. त्यातच ‘कोणी आले-गेले तर’ हा आपला जुना आतिथ्यधर्म. आता कोणी न कळवता येत नाही, आले तरी ‘जेवूनच निघालोय’ म्हणतात, तरीही पातेल्यात वाटीभर तांदूळ जास्त पडतोच. पूर्वी उरलेले त्याच दिवशी मार्गी लावावे लागे. फ्रिज आला आणि निर्णय पुढे ढकलण्याची सोय झाली. वाटीभर उसळ झाकून आत जाते, तिच्यापुढे दुधाचे पातेले येते, त्यापुढे केकचा खोका, आणि चौथ्या दिवशी झाकण उघडले की बुरशी. फ्रिजच्या खालच्या खणातला देखावाही ओळखीचा आहे. दहा रुपयांना दोन जुड्या म्हणून घेतलेली कोथिंबीर प्लास्टिकच्या पिशवीतच, रबरबँडसकट, काळी-चिकट होऊन पडलेली असते. शेजारी अर्धी चिरलेली कोबी आणि मऊ पडलेल्या काकड्या.

म्हणजे कचरा कचऱ्याच्या डब्यात जन्मत नाही. तो मंडईत जन्मतो, मोबाइलवरच्या मागणीत जन्मतो, तांदूळ मोजताना जन्मतो. दहा मिनिटांत घरपोच सामान मिळू लागल्यापासून घरात काय आहे ते पाहण्याचीही गरज उरलेली नाही. घरी वरण-भात तयार असताना शनिवारी रात्री एकाने बाहेरून मागवले की घरचे उरते आणि बाहेरचे डबे वाढतात. मागवणारा एक आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्याची विल्हेवाट लावणारी दुसरी, असा हा मामला. जोवर हे दोन निर्णय दोन वेगवेगळी माणसे घेतात, तोवर कितीही पाककृती छापल्या तरी फरक पडायचा नाही.

उपाय अवघड नाहीत, पण ते सगळ्या घराने करायचे आहेत. बाजाराला जाणाऱ्याने आधी फ्रिज उघडून पाहावा. जो भाजी आणतो त्यानेच ती निवडून ठेवावी, म्हणजे स्वस्त जुडीची खरी किंमत त्याच्या बोटांना कळेल. कोथिंबीर न धुता, पिवळी पाने काढून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर ती आठवडाभर सहज राहते. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवले तर बटाट्यांना लवकर कोंब येतात, म्हणून ते वेगळे ठेवावेत. फ्रिजचा एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून राखावा आणि आठवड्यातली एक रात्र त्या कप्प्यावरच भागवावी. त्या रात्री ओट्याशी उभे राहण्याची पाळी फिरती असावी. पाकिटावरचा ‘बेस्ट बिफोर’ हा दर्जाविषयीचा अंदाज असतो, ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ हा सुरक्षिततेचा. पहिल्याच्या धाकाने चांगली बिस्किटे आणि पिठे फेकू नयेत, दुसऱ्याशी खेळू नये.

काटकसरीच्या भरात आरोग्याचा जुगार खेळण्याचेही कारण नाही. शिजलेला भात उन्हाळ्यात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरणार असे दिसताच तो पसरट भांड्यात काढून, निववून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. ज्याचा वास बदलला आहे ते टाकावे, आणि ते पोटात घालून संपवण्याची जबाबदारी कोणावरही नसावी. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हाच नियम लागू आहे. जे आपण स्वतः खाऊ तेच, त्याच दिवशी, विचारून द्यावे. तीन दिवसांची भाजी डब्यात भरून देणे हे दान नव्हे. आपला कचरा दुसऱ्याच्या घरी पोहोचवण्याचाच तो प्रकार आहे.

इतके केल्यावरही साले, देठ, चहाचा चोथा उरणारच. तो डब्यात टाकला की आपल्या दृष्टीने संपतो, आणि वाटणीचा दुसरा अंक सुरू होतो. मुंबईचा कचरा 1927 पासून देवनारला जात आला आहे. ढिगाऱ्याखाली हवा न मिळता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो, आणि शिवाय पेट घेतो. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या आगीचा धूर शहरभर पसरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याच्या कचऱ्याने उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरी नासवल्या, तेव्हा तिथल्या गावकऱ्यांना गाड्या अडवून वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. शहराने खायचे आणि गावाने कुजलेले सोसायचे, ही त्याच जुन्या वाटणीची नवी आवृत्ती आहे.

या दोन टोकांच्या मध्ये माणसांचे हात आहेत. पुण्यात 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. 2008 पासून महापालिकेशी करार करून तिच्या सभासद दारोदार कचरा उचलतात. यात बहुसंख्य बायका, आणि त्यातही बहुसंख्य दलित. सकाळी कोणत्याही सोसायटीच्या फाटकापाशी पाच मिनिटे उभे राहून पाहावे. ओल्याच्या बादलीतून कालच्या रश्श्यात भिजलेला प्लास्टिकचा डबा हाताने बाजूला काढला जातो, त्याला चिकटलेला भात बोटाने निपटला जातो, त्याखाली फुटलेल्या बशीची काच निघते. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरातच वर्गीकरण करणे बंधनकारक केले, ते कागदोपत्री सोय म्हणून केलेले नाही. आपण ओट्यावर न केलेले काम दुसऱ्या कोणाला तरी आपल्या खरकट्यात हात घालून करावे लागते. डबा विसळून सुक्यात टाकायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट वाचवण्याची किंमत त्या हातांनी का मोजावी?

ओला कचरा घराबाहेर जाऊच नये, ही सर्वांत सरळ वाट. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. झाकणाची जुनी बादली घ्यावी, तापलेल्या सळईने तिला तळाशी आणि बाजूंनी भोके पाडावीत, खाली विटांचे तुकडे आणि ताटली ठेवावी. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर मूठभर जुने खत किंवा आंबट ताक शिंपडलेला पाला. मग रोजचा ओला कचरा बारीक करून टाकावा आणि जितका ओला तितकाच सुका पाला वर पसरावा. इथेच बहुतेक जण फसतात. पाला कमी पडला की बादलीत पाणी साठते, हवा कोंडते आणि घाण वास सुटतो. मग ‘आमच्याकडे जमत नाही’ म्हणून बादली माळ्यावर जाते. बादलीतले मूठभर घेऊन दाबावे. हात ओलसर झाला पण पाणी टपकले नाही तर प्रमाण बरोबर. टपकले तर आणखी पाला घालून उकरावे. आठवड्याने मधोमध हात घातला तर ऊब लागते, भरलेली बादली खाली बसत जाते आणि दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास येणारे खत मिळते. पांढऱ्या अळ्या दिसल्या तरी घाबरू नये, त्या कामच करत असतात. मार्च हा पानगळीचा महिना. सोसायट्यांच्या कोपऱ्यात जो पाला बेकायदा जाळला जातो, तो पोत्यात भरून ठेवला तर वर्षभराची बेगमी होते.

हे मोठ्या प्रमाणावर जमते याचे दाखले इथलेच आहेत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात हजारो कामगारांचे जेवण शिजे. तिथल्या प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास तो ओला कचरा गच्चीवर नेला, श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’तल्या पद्धतीने त्याची माती केली आणि गच्चीवर फळझाडे वाढवली. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने खरकट्या अन्नावर चालणाऱ्या घरगुती बायोगॅस संयंत्राचा नमुना तयार केला आणि त्याला 2006 मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार साधा होता. शेण म्हणजे गाईने आधीच पचवलेला चारा. जिवाणूंना शिळा भात, खराब पीठ, सडके फळ दिले तर थोड्या ऐवजात आणि कमी वेळात गॅस मिळतो. वेंगुर्ले नगरपरिषदेने, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, घरोघर वर्गीकरणाची शिस्त लावली आणि कचरा डेपोच्या जागी लोक पाहायला येतील असे ठिकाण उभे केले. तिथे घरांनी आपले काम केले आणि नगरपरिषदेनेही आपले केले. दोन्ही बाजू एकाच वेळी हलल्या म्हणून ते साधले.

इतरत्र ही जोडी जुळत नाही. घरात दोन डबे आणि खाली एकच गाडी, हे दृश्य पाहिलेला नागरिक दुसऱ्या आठवड्यात वर्गीकरण सोडून देतो आणि त्याला दोष देणे कठीण जाते. पुणे महापालिका खत किंवा सौरऊर्जेचे प्रकल्प करणाऱ्यांना मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत देत आली आहे. असे प्रोत्साहन चांगलेच, पण कचरा ओला तो ओलाच राहून प्रकल्पापर्यंत पोहोचेल ही हमी त्याहून मोलाची. दुसरीकडे बाजाराने शाश्वततेचेही दुकान मांडले आहे. बांबूचे चमचे, एकसारख्या काचेच्या बरण्या, मेणाचे कापड. श्रीखंडाचे डबे आणि मुरंब्याच्या बाटल्या धुऊन वापरणाऱ्या घराला यातले काही विकत घ्यावे लागत नाही. धडधाकट वस्तू टाकून ‘पर्यावरणपूरक’ वस्तू आणणे हीसुद्धा नासाडीच.

आणखी एक भाबडी समजूत दूर ठेवायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ठाण्यातल्या घरात वाचलेली भाकरी आपोआप मेळघाटातल्या ताटात जात नाही. त्यासाठी अंगणवाडी, रेशन आणि रोजगार लागतो. ‘भुकेल्यांची आठवण ठेव’ म्हणून मुलाच्या ताटातला शेवटचा घास संपवून घेण्याने त्याचे वजन वाढेल, कुपोषण घटणार नाही. मुलाला पहिल्यांदाच कमी वाढावे, लागेल तसे मागून घ्यायला शिकवावे आणि ताट स्वतः उचलायला लावावे. अन्नामागचे पाणी, विजेचा आकडा, शेतकऱ्याचे कष्ट त्याला पुढे समजतील. ताट निपटून ओल्याच्या डब्यात काय गेले हे मात्र त्याच दिवशी दिसेल.

‘शून्य कचरा’ हा शब्द मोठा आहे आणि कोणत्याही नांदत्या घरात तो पूर्णपणे खरा होणार नाही. ते आवश्यकही नाही. कचरा निम्म्यावर येणे पुष्कळ घरांच्या हातात आहे. अट एवढीच, की तो निम्म्यावर आणण्याचे काम निम्म्या घराने करू नये. महापालिकांनी यंदा घोषणांऐवजी दोन वेगळ्या गाड्या द्याव्यात आणि कचरावेचकांना हातमोजे, रास्त मोबदला आणि नियमित करार द्यावा. घरांनी फ्रिजच्या दारावर आठवड्याची एक यादी चिकटवावी. भाजी कोण आणणार, निवडणार कोण, उरलेल्याचे काय करायचे हे कोण ठरवणार, खताची बादली कोण उकरणार, डबे कोण विसळणार. त्या यादीत एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या घरात कचरा कमी झाला तरी शिळ्याची वाटणी अजून जुनीच आहे असे समजावे, आणि यादी नव्याने करावी.